बर्फातल्या कपड्यांची कुमुद

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये मे महिन्यात सगळ्यांच्या गॅलरीत कुरडया आणि पापड वाळत असत, आणि कुमुद परुळेकरच्या गॅलरीत बर्फात घालायचे कपडे. लाल, निळे, नारिंगी, फुगीर बाह्यांचे, मागे टोपी लोंबणारे. खाली रस्त्यावर माणसं घामाने निथळत चाललेली आणि वर अख्खा माणूस मावेल असा जाडजूड सूट उलटा टांगलेला. नवीन आलेला पोस्टमन पत्रं हातात धरून तोंड वर करून बघत राहायचा. मग तळमजल्यावरचे बेडेकर त्याला समजावून सांगायचे, "परुळेकरांचा मुलगा बर्फात घसरायला जातो, आणि त्याची बहीण इथे बसून ठिगळं लावते." बेडेकर एरवी तोंडाला येईल ते ठोकून द्यायचे, पण हे त्यांचं वाक्य अगदी खरं होतं.

कुमुदचं दार माझ्या दारासमोर. ऐंशीच्या सुमाराला मी लग्न होऊन त्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा ती पस्तिशीच्या आसपास असेल. उंच, हाडाने रुंद, आणि चालताना पुढे झुकलेली, म्हणजे समोर कोणी आडवा आला तर त्याला बाजूला सारायच्या बेतात असल्यासारखी. भांडुपला एका रेनकोटच्या फॅक्टरीत ती कामाला होती. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी यायची, आणि आली की चहा टाकायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडायची. कारण घरभर सोल्युशनचा वास. पाण्याला आत येऊ न देणारं कापड चिकटवायचं ते सोल्युशन, फॅक्टरीतल्या साहेबाला सांगून ती आणायची. तो वास जिन्यात यायचा, आमच्या आमटीत यायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "त्या पोरीला सांग गं, आमचं नाक काही रबराचं नाही." मी सांगितलं. कुमुद म्हणाली, "तुझ्या सासूला म्हणावं, दार लावून घ्या." अशी आमची ओळख झाली.

बर्फाचं प्रकरण तिच्या घरात आणलं ते सुहासने, तिच्या धाकट्या भावाने. सुहास सगळ्यांना आवडायचा. मला आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल मी जे लिहीन त्यात वाचणाऱ्याने मीठ कमी-जास्त करून घ्यावं. मुलुंड-घाटकोपरच्या काही मुलांना जमवून त्याने गिर्यारोहण मंडळ काढलं होतं. आधी ही मुलं कर्जत-कसाऱ्याचे डोंगर चढायची. मग कोणीतरी मनालीला जाऊन स्कीइंग शिकून आला आणि सगळ्यांनाच बर्फाचं वेड लागलं. नवे सूट घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. परदेशी गिर्यारोहक परत जाताना फाटके कपडे तिथल्या बाजारात टाकून जात, ते सुहासने गोणीत भरून मुलुंडला आणले आणि बहिणीच्या पुढ्यात ओतले. "ताई, तू रेनकोटवाली ना, बघ काही करता येतं का."

ताईने केलं, आणि मग दर वर्षी करत राहिली. ही मुलं फेब्रुवारीत जायची, मार्चमध्ये काळी ठिक्कर पडून यायची, आणि आल्या आल्या परुळेकरांच्या हॉलमध्ये सुटांचा ढीग टाकून जायची. फाटलेले, भाजलेले, तारेत अडकून ओरबाडलेले. पुढची थंडी येईपर्यंत कुमुदची संध्याकाळ आणि रविवार त्या ढिगात.

तिच्या कामाचे नियम होते आणि ते मोडलेले तिला खपत नसत. पहिला नियम, सुई नाही. घरात सुई होती, पण ती ब्लाउजच्या हुकांसाठी. ती म्हणायची, "भोक पाडून भोक बुजत नसतं." फाटलेल्या जागेचे धागे ती कात्रीने साफ करायची, कापड स्पिरिटने पुसायची, आतल्या बाजूने लावायचं ठिगळ गोल कापायची. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी सुटतो म्हणून कोपराच नको. मग दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात. ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, त्या वेळात कोणी बोललेलंही तिला चालत नसे. मग ठिगळ दाबायचं, वर जुनं लुगडं घालायचं, आणि त्यावर वजन म्हणून ठेवायचा तो स्वयंपाकघरातला पाटा. त्या पाट्यावर सकाळी लसणीची चटणी वाटली जायची. मंडळातली मुलं सांगायची की मनालीला तंबूत सूट काढून ठेवले की आत मालवणचा वास सुटतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. दुरुस्त केलेला भाग परातीवर धरून त्यात खळगा करायचा, तांब्याने पाणी ओतायचं, आणि शेजारी बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत खालून कापडाला घामसुद्धा सुटला नाही तर पास. चहा ती मुद्दाम सावकाश प्यायची.

एकदा घाटकोपरहून पटवर्धनबाई आपल्या मुलाचा सूट घेऊन स्वतः आल्या. गुडघ्यावर फाटलं होतं, त्यांनी घरीच रफू केलं होतं, आणि काय सुंदर केलं होतं. फाटलं कुठे होतं ते शोधावं लागत होतं. "म्हटलं तुमचा तेवढाच त्रास वाचेल," असं म्हणून त्या कौतुकाची वाट बघत बसल्या. कुमुदने परात आणली, गुडघा वर धरला आणि पाणी ओतलं. प्रत्येक टाक्यातून एकेक थेंब खाली आला, ओळीने. "बघा," कुमुद म्हणाली, "ठिपके काढून झालेत. आता रांगोळी तेवढी भरा." बाई उठून गेल्या त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मला वाईट वाटलं. त्या माउलीने प्रेमाने केलं होतं, तिला दोन बरे शब्द बोलायला काय हरकत होती? मी तसं म्हटलंही. कुमुद म्हणाली, "प्रेमाने केलं म्हणून पाणी आत यायचं थांबतं काय गं?"

तर अशी होती. तोंडाने फटकळ, हाताने पक्की. लोक तिला घाबरून असत आणि तिच्याकडून कामं करून घेत.

पण या सगळ्याच्या मागे तिची एक इच्छा होती, आणि ती इतकी साधी होती की आज लिहितानाही मला राग येतो. तिला एकदा बर्फात जायचं होतं. तो अंगावर घ्यायचा होता, त्यात पडायचं होतं, बस्स. मुलं परत आली की ती त्यांना शिखराचं, मेडलचं काही विचारायची नाही. हातात फाटका सूट घेऊन विचारायची, "इथे फाटला, तेव्हा कुठल्या कुशीवर पडलास?" "तोंडात गेला का बर्फ? चव असते का?" "चालताना आवाज होतो म्हणतात तो कसला, पापड मोडल्यासारखा की मीठ चिरडल्यासारखा?" मुलं वैतागायची. एकाने सांगितलं की मीठ चिरडल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे विरजण मागायला गेले तर ही ओट्यापाशी उभी राहून वाटीत खडेमीठ घालून बत्त्याने चिरडत होती, कान जवळ नेऊन.

सुहासला हे माहीत होतं. तो दर वर्षी म्हणायचा, "ताई, पुढच्या वर्षी तू नक्की." तोपर्यंत एकेक कारण निघायचंच. पहिलं कारण आई. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिची जीभ तेवढी चालती होती. बर्फाचा विषय निघाला की आतून ओरडायची, "त्या बर्फात तुजा काय ठेवलेला आसा गो?" मग मंडळाकडे बायकांसाठी तंबू नाही. मग त्या वर्षी जागा भरल्या. कुमुद ऐकून घ्यायची आणि सूट परातीवर धरायची.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात आई गेली. तेरावं झालं आणि आठवड्याभरात कुमुदने कपाटावरची एक गोणी खाली काढली. त्यात मेलेले सूट होते, म्हणजे ज्यांची दुरुस्ती होणार नाही असे. त्यांतून तिने स्वतःसाठी एक सूट करायला घेतला. तिच्या उंचीचा बाईमाणसाचा सूट मंडळाकडे नव्हताच. निळं अंग, एक बाही लाल, एक राखाडी, पाय नारिंगी. इथे मात्र शिवण घालावी लागली, पण प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवून तिने ती बंद केली. फॅक्टरीतून आली की बसायची. माझ्याकडून एक टोक धरवून घ्यायची आणि मी हलले की ओरडायची. दिवाळी गेली, लाडू-चकल्या आमच्याकडूनच तिच्या घरी गेल्या. डिसेंबरात सुहासचं लग्न झालं, लग्नातसुद्धा तिच्या बोटांना सोल्युशन होतं. जानेवारीत सूट पुरा झाला. तो चढवून ती बाथरूममध्ये शॉवरखाली उभी राहिली, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "हात घाल आत." मी मानेतून हात घातला. आत घाम होता, पाणी नव्हतं. कुमुदला मी हसताना फारशी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती त्या चार रंगी सुटात, डोक्यावरून पाणी गळत असताना, दात दाखवून हसली.

त्या वर्षी सगळं जुळलं होतं. बायकांच्या तंबूत एक जागा होती आणि सुहासने ती तिच्या नावावर धरली होती. रविवारी ती नॅशनल पार्कच्या बाजूचे डोंगर चढून यायची. फॅक्टरीतला साहेब एवढी सलग रजा द्यायला तयार नव्हता, तर तिच्या खात्यातल्या सगळ्या बायका त्याच्या केबिनमध्ये गेल्या आणि "कुमुदचं काम आम्ही ओढू" असं सांगून त्यांनी ती मिळवून दिली. शेवटच्या दिवशी त्यांनी तिची ओटी भरली. लता गावकर म्हणून तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण होती, तिने स्वतः विणलेले लोकरीचे हातमोजे दिले. मुंबईत लोकरीचे हातमोजे विणायचे म्हणजे त्या लताने कोणाला तरी विचारून विचारून विणले असणार.

निघायच्या आदल्या रविवारी सकाळी कुमुदने मला हाक मारली. मी गेले तर हॉलमध्ये सुहासची नवी बायको माधवी कुमुदचा सूट घालून उभी होती. पायाकडे कापडाचा ढीग झाला होता, कारण माधवी पोरगी चांगली वीतभर बुटकी. सुहास खुर्चीवर बसून कांदेपोहे खात होता.

"शैला, खालची बाजू धर," कुमुद म्हणाली. "खुणा करायच्यात."

मला काही कळेना. मी म्हटलं, "हिला कशाला घातलाय?"

सुहासने घास गिळला. "अहो वहिनी, माधवीला यायचंय ना. लग्न झाल्यापासून कुठे गेलोच नाही आम्ही. आणि जागा एकच आहे. ताई काय, घरचीच आहे. पुढच्या वर्षी."

"आणि सूट? तो तर तिने स्वतःसाठी केलाय."

"मंडळाचं कापड आहे ना ते," सुहास म्हणाला, अगदी गोड आवाजात. "मंडळाच्या कापडातून जे होतं ते मंडळाचं, हा आपला पहिल्यापासूनचा नियम. ताईनेच केलेला."

तो नियम खरंच कुमुदने केला होता. मुलं दुरुस्त झालेले सूट घरी नेऊन स्वतःचे म्हणून ठेवायला लागली तेव्हा.

माधवी अवघडून उभी होती. "ताई, तुम्हाला चालेल ना?" असं तिने विचारलं. कुमुद तिच्या पायाशी बसून खडूने खुणा करत होती. खुणा झाल्या, सूट उतरवला, जमिनीवर पसरला, तिने कात्री घेतली आणि सुहासकडे बघून विचारलं, "कापू?"

"काप की."

ती थांबली. कात्रीची पाती उघडी. परत म्हणाली, "सुहास, कापू ना?"

"अगं काप ताई, त्यात काय विचारायचं?" त्याने माधवीला पोह्यांवर आणखी खोबरं घालायला सांगितलं.

कुमुदने दोन्ही पाय कापले. मग कडा दुमडून, पट्टी लावून, वर पाटा ठेवला. मी तिथे उभी राहून सुहासला काय वाट्टेल ते बोलले, निर्लज्जसुद्धा म्हणाले. तो हसत राहिला. कुमुदच मला म्हणाली, "शैला, घरी जा. हे सुकेपर्यंत बोलायचं नसतं." दुसऱ्या दिवशी तिने परातीची परीक्षासुद्धा घेतली. कामात कसूर केली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने केली नाही.

ते गेले. आणि कुमुदची रजा सुरू झाली.

मला वाटलं होतं की ती दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फॅक्टरीत जाईल. गेली नाही. मी दार वाजवलं, तिने आधी फटीतून बघितलं, मग उघडलं. म्हणाली, "लवकर आत ये, दार लाव." गॅलरीचं दार बंद, पडदे ओढलेले. मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "लता भाजीला याच रस्त्याने येते. तिची बहीण मागच्या गल्लीत राहते. ओटी भरली गं त्यांनी माझी. साहेबाशी भांडल्या. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, भावाने नेलं नाही म्हणून?"

"जे आहे ते सांग. लाज त्याला वाटायला हवी."

"त्याची लाज पण मलाच वाटते," कुमुद म्हणाली. "मी वाढवलाय त्याला."

सगळी रजा तिने त्या दोन खोल्यांत काढली. भाजी मी आणून द्यायची, दूध मी घ्यायची. रेडिओ लावायची नाही, नळसुद्धा हळू सोडायची. बेडेकरांनी एकदा जिन्यात मला विचारलं, "कुमुद काय म्हणते, पत्रबित्र?" मी म्हटलं, "मजेत आहे." घामोळ्यांनी तिची मान लाल झाली होती, कारण खिडक्या बंद. मी तिला म्हटलं, निदान बोरीवलीला मावशीकडे जाऊन ये. तर म्हणाली, "मी मनालीला आहे. मनालीहून बोरीवलीला कशी जाऊ?" हे ती थट्टेने बोलली नाही.

रजा संपली, ती कामावर गेली. संध्याकाळी आली ती सरळ माझ्याकडे. खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं. बर्फाचं."

जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या आणि ती बोलत गेली होती. पायाखाली मीठ चिरडल्यासारखा आवाज. डाव्या कुशीवर पडलं की बर्फ मानेतून आत शिरतो ते. इतकी वर्षं मुलांना विचारून विचारून जे जमवलं होतं, ते सगळं तिने आपल्या अंगावर घेतलं. "साहेबसुद्धा डबा घेऊन ऐकायला आला," ती म्हणाली. मग भांडं खाली ठेवून, "मला सांगता येतं गं. मला माहीत नव्हतं."

मी तिला कोकम सरबत करून दिलं.

मंडळी ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा परत आली. नेहमीसारखा ढीग पडला. कुमुदने त्यातून आधी तो चार रंगी सूट ओढून काढला आणि खिडकीशी नेला. गुडघे बघितले, कोपर बघितले, बैठक बघितली. उलटा करून प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा सुलटा करून सुरुवातीपासून.

"माधवी," तिने विचारलं, "कुठेच फाटला नाही? एकदाही पडली नाहीस?"

माधवी सरळ मनाची मुलगी होती. म्हणाली, "अहो ताई, पडायला मी बाहेर गेले पाहिजे ना! काय ती थंडी. पहिल्याच दिवशी माझं डोकं दुखायला लागलं, मग मी तंबू सोडून हॉटेलातच. एकदा फक्त फोटोपुरती बाहेर आले, तेही यांनी हट्ट केला म्हणून."

कुमुदने सूट घडी करून मांडीवर ठेवला. नवा असल्यासारखा होता. चुकून कुठे खरवडलेलासुद्धा नाही. सुहासवर मी तोंड टाकलं होतं त्या दिवशीही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. निदान फाडून आणायचा होता.

पुढच्या रविवारी लता गावकर पेढे घेऊन आली, फोटो बघायला. मी तिथेच होते, माधवी स्वयंपाकघरात, सुहास पेपर वाचत. कुमुद उठली, सुहासच्या टेबलावरचं फोटोंचं पाकीट घेतलं, आणि त्यातला एक लताच्या हातात दिला. मागे पांढरा उतार, पुढे एक बाई. डोक्यावर टोपी ओढलेली, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, नाकापर्यंत मफलर. निळं अंग, लाल बाही, राखाडी बाही, नारिंगी पाय.

"ही मी," कुमुद म्हणाली.

लताने फोटो उजेडाकडे धरला. "ओळखूच येत नाहीस गं. आणि बुटकी दिसतेस."

"पाय बर्फात रुततात ना."

"आणि माझे मोजे?"

"आत आहेत. वरून वॉटरप्रूफ मोजे घालतात."

सुहासने पेपर खाली केला. "अगं ताई, हा तर—"

"अहो, चहा थंड होतोय," माधवी दारातून म्हणाली. कपांचा ट्रे हातात घेऊन ती तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने सुहासपुढे कप असा ठेवला की त्याने तोंड मिटलं. त्या एका वाक्यासाठी मी माधवीला सगळं माफ केलं. सुहासला नाही, अजूनही नाही.

तो फोटो लताने फॅक्टरीत दाखवायला मागून नेला.

पुढच्या वर्षी सुहास स्वतःहून म्हणाला, बहुतेक माधवीने त्याच्यामागे लकडा लावला असावा. "ताई, या वर्षी तू. जागा पक्की, सूटही तुझ्या मापाचा परत करून घे." कुमुद त्या वेळी कोणाची तरी फाटलेली बाही पुसत होती. "मी जाऊन आले," ती म्हणाली. त्याला ती टोमणा मारते आहे असं वाटलं. पण ती व्यवहाराचं बोलत होती. जाऊन आलेल्या बाईला फॅक्टरी दुसऱ्यांदा एवढी रजा कशाला देईल? लता आणि त्या सगळ्या आता कोणत्या कारणाने साहेबाच्या केबिनमध्ये जातील? खोटं सांगताना तिला हे कळलं होतं की नाही, मी तिला कधी विचारलं नाही. मंडळाचे सूट ती पुढेही दुरुस्त करत राहिली. मुलांना प्रश्न विचारणं मात्र तिने बंद केलं.

सत्त्याऐंशीत आम्ही बोरीवलीला राहायला गेलो आणि गाठीभेटी तुटल्या. दोन वर्षांनी आमच्या ह्यांना ऑफिसातून प्रवासाची सवलत मिळाली, तेव्हा आम्ही कुलू-मनालीला जाऊन आलो. चारचौघांसारखं, भाड्याचे गमबूट घालून, तासभर. तो बर्फ बघताना माझ्या मनात सारखी तीच होती, आणि म्हणून मला तो नीट बघताही आला नाही.

त्यानंतर मुलुंडला एका लग्नात ती दिसली. केस बरेच पांढरे झाले होते, पाठ आणखी वाकली होती. फॅक्टरीतल्या बायकांच्या घोळक्यात बसली होती, शेजारी लता. मला बघून सरकून जागा केली. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मी न राहवून बोलून गेले, "आम्ही मनालीला जाऊन आलो गं." बोलल्याबरोबर जीभ चावली.

लता लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्या कुमुदच्या गावाला!" बायका हसल्या.

कुमुद माझ्याकडे बघत होती. त्या मांडवात खरं काय ते माहीत असलेली मी एकटीच होते, आणि ते तिलाही माहीत होतं.

"उताराच्या खाली एक चहाची टपरी होती," ती म्हणाली. "म्हातारा बसायचा, घोंगडी पांघरून. पडून आलेल्याला आधी चहा द्यायचा, मग विचारायचा लागलं का. आहे का गं तो अजून?"

मी अशी टपरी पाहिली नव्हती. असा म्हातारा मंडळातल्या कुठल्याही मुलाने कधी सांगितला नव्हता. हा तिचा स्वतःचा होता.

"आहे," मी म्हटलं.

"थकला असेल आता."

"थकलाय," मी म्हटलं. "पण देतो चहा."